किराण्याबरोबर कपडे: कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

प्रिय वाचक भगिनी,

तुमच्या पत्राचा सारांश इतर वाचकांसाठी आधी सांगणे योग्य होईल. घरातल्या चौघांचे रोजचे कपडे, म्हणजे टी-शर्ट, पायजमे, लेगिंग्ज, बनियन, मोजे आणि मुलांचे खेळायचे कपडे, तुम्ही महिन्याचे सामान भरायला जाता त्याच सुपरमार्केटमधून घेता. वेळ वाचतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. तुमच्या नणंदबाईंना मात्र हे पटत नाही. कपडे कपड्यांच्याच दुकानातून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातच एका टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पोटावर आली, काळी लेगिंग चार धुण्यांत करडी दिसू लागली आणि मोजे टाचेला विरले, त्यामुळे तुमच्याही मनात शंका आली. आपण कंजूषपणा करतो आहोत का, तिथून काय घ्यावे आणि काय नाही, आणि इतक्या स्वस्त कपड्यामागे कोणाची पिळवणूक तर होत नाही ना, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. सुपरमार्केटमधून कपडे घेण्यात कमीपणा नाही, आणि तिथला माल हलकाच असणार हा समजही बरोबर नाही. ब्रिटनमधील अस्डा या साखळीने १९९० मध्ये जॉर्ज डेव्हिस या नावाजलेल्या वस्त्रव्यावसायिकाला हाताशी धरून ‘जॉर्ज’ हा कपड्यांचा ब्रँड सुरू केला, आणि कॅनडातील लोब्लॉ या साखळीने २००६ मध्ये जो मिमरान या डिझायनरकडून ‘जो फ्रेश’ उभा करून घेतला. तेव्हापासून कपडे हा अशा दुकानांतला कोपऱ्यातला जोडधंदा राहिलेला नाही. तिथे कपडा स्वस्त पडण्याची काही कारणे तर अगदी साधी आहेत. गिऱ्हाईक किराण्यासाठी आधीच दुकानात आलेले असते, कपड्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळे नोकर फारसे लागत नाहीत, आणि एकाच नमुन्याची मागणी प्रचंड संख्येने नोंदवली जाते.

खरा निवाडा कपड्याच्या रचनेवर करावा, असे माझे मत आहे. ज्या कपड्यात तुकडे थोडे, शिवणी सरळ आणि मापात चार बोटांची ढिलाई चालून जाते, तो कपडा कमी खर्चात शिवला तरी फारसा बिघडत नाही. बनियन, घरातले टी-शर्ट, नाडीचे किंवा इलॅस्टिकचे पायजमे, मोजे आणि मुलांचे रोजचे कपडे हे सगळे याच गटात येतात. ज्या कपड्याची खरी किंमत आतल्या, न दिसणाऱ्या कामात असते, तिथे मात्र काटकसर नेमकी तुमच्या नजरेआड होते. शर्टाच्या कॉलरमधले चिकटवलेले अस्तर हलके असेल तर धुतल्यावर कॉलरला फुगे येतात. पँटच्या खिशाचे कापड विरळ असेल तर पँट धड असतानाच खिसा फाटतो. चेन स्वस्त असेल तर दातेच सुटतात. म्हणून ऑफिसची पँट, कॉलरचा शर्ट, लोकरीचा स्वेटर, कोट आणि ब्रा या वस्तू, जिथे त्या घालून पाहायला मिळत नाहीत अशा ठिकाणाहून घेऊ नयेत. अंगाला नेमके बसणे हाच ज्या कपड्याचा गुण, तो अंदाजाने ट्रॉलीत टाकण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या तीन तक्रारी पाहू, कारण काय तपासावे हे त्यांतूनच कळते.

टी-शर्ट पिळला जाणे हा तुमच्या धुण्याचा दोष नव्हे. टी-शर्टचे कापड बहुधा सिंगल जर्सी विणीचे असते आणि ते गोल यंत्रावर, एकाच दिशेने पीळ दिलेल्या सुतापासून विणले जाते. सुतातला हा पीळ सतत उलगडू पाहतो आणि विणीचे फासे एका बाजूला तिरपे ओढतो. कारखान्यात शेवटच्या प्रक्रियेत कापड ताणून सरळ केले जाते खरे, परंतु पाणी लागले की ते ताण सुटतात आणि कापड आपल्या मूळ वळणावर जाते. त्याच्याबरोबर शिवणही पुढे सरकते. कापताना कापड तिरपे ठेवले गेले असेल तर हा दोष आणखी वाढतो. दुकानात टी-शर्ट दोन्ही खांद्यांना धरून सोडा आणि बाजूची शिवण सरळ खाली येते का ते पाहा. मग कापड डोळ्यांजवळ नेऊन त्यातल्या बारीक उभ्या रेघा शिवणीला समांतर आहेत का हेही पाहा. नव्या कपड्यातच त्या तिरप्या असतील तर धुतल्यावर त्या सरळ होण्याची आशा ठेवू नये. पिळलेला टी-शर्ट ओला असताना उलट दिशेने ओढून सपाट वाळवला तर तात्पुरता सुधारतो, पण पुढच्या धुण्यात पुन्हा पहिल्यासारखा होतो. यावर आणखी एक चांगला उपाय आहे. इंटरलॉक विणीचे कापड दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते, सिंगल जर्सीपेक्षा थोडे जाड असते आणि जवळपास पिळले जात नाही. मुलांच्या आणि घरातल्या कपड्यांसाठी ते शोधून घ्यावे.

काळ्या लेगिंगच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडतात. रंग थोडा उतरतो, आणि घासण्यामुळे कापडावर तंतूंची बारीक लव उभी राहते. ही लव प्रकाश विखुरते, म्हणून रंग शिल्लक असूनही कापड करडे दिसते. लेगिंग उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुतली तर दोन्ही गोष्टी बऱ्याच मंदावतात. कपड्याला पांढरेपणा आणणारी पावडर काळ्या कपड्याला वापरू नये. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, असे सर्रास सांगितले जाते, परंतु त्यावर मी विश्वास ठेवत नाही. रंगवण्याच्या वेळी मिठाचा उपयोग होतो, कारण सुताकडे रंग ओढला जाण्यास त्याने मदत होते. कारखान्यात जो रंग धाग्याला बांधलाच गेला नाही, तो घरच्या मिठाने नंतर बांधला जात नाही. खरेदी करताना लेगिंग मुठीवर ताणून उजेडात धरा. ताणल्यावर मधून पांढरट धागे डोकावत असतील तर आतल्या इलॅस्टेनला, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरासारख्या तंतूला, रंग नीट लागलेला नाही, आणि अंगावरही ती गुडघ्यापाशी तशीच दिसणार. ताण सोडल्यावर ती लगेच पूर्ववत होते की सैल पडून राहते, हेही त्याच वेळी कळते. इलॅस्टेन उष्णतेने आणि क्लोरीनच्या ब्लीचने खराब होते, म्हणून गरम पाणी, ड्रायरची जास्त उष्णता आणि ब्लीच या तिन्हींपासून अशा कपड्यांना दूर ठेवावे.

मोज्यांच्या बाबतीत चूक बहुधा ‘शुद्ध सुती’च्या आग्रहात असते. सूत घाम शोषते, पण बुटात सतत घासले जाणे त्याला फार काळ सोसत नाही. टाच आणि बोटे टिकायची असतील तर मोज्यात थोडे नायलॉन आणि किंचित इलॅस्टेन असणे हिताचे असते. तीन चतुर्थांशाच्या आसपास सूत आणि उरलेले हे दोन, असे मिश्रण रोजच्या वापराला उत्तम ठरते. टाचेचा भाग वेगळा, दाट विणलेला आहे का हे मोजा उलटा करून पाहावे.

यावरून लेबलकडे येऊ, कारण सुपरमार्केटमध्ये समजावून सांगणारा विक्रेता नसतो आणि ते काम लेबललाच करावे लागते. कापडातल्या तंतूंची टक्केवारी वजनावर काढलेली असते. दर्शनी पट्टीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे त्यावर जाऊ नका. आत शिवलेले छोटे लेबल वाचा. ‘कॉटन फील’ किंवा ‘कॉटन टच’ या शब्दांतून त्या कपड्यात सूत आहे असे मुळीच ठरत नाही. तो पूर्ण पॉलिएस्टरचाही असू शकतो. पाच-सहा नगांच्या पॅकमध्ये करड्या, मिश्र छटेचा नग बऱ्याचदा वेगळ्या मिश्रणाचा असतो, कारण ती छटा आणण्यासाठी सुतात व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला तंतू) किंवा पॉलिएस्टर मिसळले जाते, आणि ही नोंद पाकिटावर बारीक अक्षरांत दिलेली असते.

पॉलिएस्टर सरसकट वाईट असते असेही नाही. ते लवकर वाळते, आटत नाही, सुरकुतत नाही आणि टिकते. अडचण घामाची आहे. नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवते, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे अंगालगतच्या कपड्यात ते जास्त असेल तर चिकटपणा जाणवतो, आणि घामातला तेलकट भाग पॉलिएस्टरला धरून राहत असल्यामुळे वासही धुऊन लवकर जात नाही. बनियन, अंतर्वस्त्रे आणि रात्रीचे कपडे यांत म्हणूनच सूत जास्त असावे. मुलांच्या खेळाच्या चड्डीत पॉलिएस्टर असले तरी बिघडत नाही. व्हिस्कोजबद्दल मात्र सावध करणे भाग आहे. दुकानात हाताला ते फार छान लागते, सुळसुळीत पडते आणि रंगही त्यावर खुलतो, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद सुमारे निम्म्याने कमी होते आणि ते आटतेही. हलक्या शिवणीचा व्हिस्कोजचा टॉप यंत्रात इतर जड कपड्यांबरोबर टाकला, तर शिवणीच्या जागीच तो आधी फाटतो.

धुण्याच्या खुणाही जाता जाता पाहाव्यात. पाण्याच्या टबमधला आकडा हे कमाल तापमान असते, टबखाली आडवी रेघ असेल तर यंत्र सौम्य फेऱ्यावर लावावे, टबात हात असेल तर कपडा हातानेच धुवावा, आणि इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर सुमारे ११० अंशांपेक्षा जास्त उष्णता देऊ नये. ज्या कपड्यावर ‘फक्त ड्रायक्लीन’ अशी खूण आहे, तो कितीही स्वस्त असला तरी रोजचा कपडा होऊ शकत नाही.

हाताला लागणाऱ्या मऊपणावर मी फारसा भर देत नाही. विक्रीपूर्वी कापडाला मऊपणा देणारी रसायने चढवलेली असतात आणि ती काही धुण्यांत निघून जातात. त्यापेक्षा कपडा उलटा करा. आतल्या शिवणीकडे पाहिले की बनवणाऱ्याने किती मन लावून काम केले आहे ते कळते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणा. टाक्यांमध्ये फट दिसली तर शिवण सैल आहे. टी-शर्टात एका इंचात साधारण १० ते १२ टाके असावेत, ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडेला गुंडाळून घातलेली शिवण, तीनऐवजी चार धाग्यांचे असेल तर जास्त चांगले, आणि खांद्याच्या शिवणीत आतून पट्टी लावलेली असेल तर खांदे ओघळत नाहीत. गळ्याची पट्टी ताणून सोडा. ती परत जागेवर आली नाही तर तो टी-शर्ट घरी आल्यावर महिनाभरातच बनियनसारखा लोंबू लागेल. लोंबणारा धागा ओढू नका, कारण साखळी टाक्याची शिवण एका टोकापासून भराभर उसवत जाते. बटणेही पुष्कळदा अशाच टाक्याने लावलेली असतात; घरी आल्यावर घालण्याआधीच ती दोन टाके घालून पक्की केलेली बरी. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, छापलेले असेल तर तेही पाहावे. १४० च्या आसपासचा टी-शर्ट पातळ आणि आरपार दिसणारा असतो, तर १८० चा रोजच्या धुण्याला चांगला तोंड देतो. छापलेले नसेल तर कापडाच्या एका थराआडून आपला हात कितपत दिसतो यावरून अंदाज येतो.

मापाचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, तरी सर्वांत जास्त फजिती तिथेच होते. एका कंपनीचा मध्यम दुसऱ्या कंपनीच्या मध्यमाइतका असेलच असे नाही. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो. घरातल्या प्रत्येकाचा नीट बसणारा एकेक कपडा जमिनीवर सपाट पसरून त्याची छाती, खांदा, उंची, कंबर आणि सीट अशी मापे मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि पर्समध्ये मोजपट्टी असू द्या. सुती विणीचे कापड उंचीत ५ टक्क्यांपर्यंत आटू शकते, म्हणजे ७० सेंटिमीटर उंचीचा टी-शर्ट साडेतीन सेंटिमीटरने आखूड होतो. तेवढी सोय मापात आधीच ठेवावी. मागावर विणलेल्या सुती कापडासाठी सॅन्फर्ड क्लुएट यांच्या नावाने ओळखली जाणारी, आधीच आटवून घेण्याची सॅन्फराइझिंग ही प्रक्रिया १९३० पासून उपलब्ध आहे, म्हणून असे कापड सहसा कमी दगा देते.

तुमच्या पत्रावरून एक गोष्ट मला जाणवली, ती थोड्या परखडपणे सांगावी लागेल. तुम्ही कपडे घेता ते सामान भरून झाल्यावर, मुले कंटाळलेली असताना आणि बिलाच्या रांगेकडे जाता जाता. डाळीचे पाकीट ओळखीचे असते, ते न पाहता उचलले तरी चालते. प्रत्येक कपडा मात्र नवा असतो. ज्या दिवशी कपडे घ्यायचे असतील त्या दिवशी आधी कपड्यांच्या विभागात जा, काय संपले आहे याची यादी बरोबर न्या, आणि यादीबाहेरचे काही उचललेच तर त्यावर वर सांगितलेल्या तपासण्या दुप्पट कडकपणे करा. काळा आणि गडद निळा यांतला फरक दुकानातल्या दिव्यांत फसवा असतो. शक्य असल्यास दाराशी, दिवसाच्या उजेडात पाहून घ्यावा. ट्रॉलीत ओल्या सामानाखाली कपडे ठेवू नयेत, हे सांगायची गरज नसावी.

मुलांच्या कपड्यांसाठी सुपरमार्केट खरोखर सोयीचे आहे, कारण फाटण्याआधी ते आखूडच होतात. मात्र लहान मुलांच्या कपड्याच्या गळ्याला किंवा टोपीला ओढायची नाडी असेल तर तो कपडा घेऊ नका. घसरगुंडीत किंवा दारात नाडी अडकून गळफास बसण्याचा धोका असतो. युरोपातील एन १४६८२ हे मानक सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांत गळ्याशी आणि टोपीला अशी नाडी ठेवू देत नाही. चिकटवलेले मणी आणि बटणे ओढून पाहावीत. रात्रीचे कपडे फार घोळदार नसावेत, कारण सैल सुती कापड ज्वाळेजवळ गेल्यास चटकन पेट घेते. कोणताही नवा कपडा, विशेषतः लहान बाळाचा, घालण्याआधी एकदा धुवावा. त्यात सुटा रंग राहिलेला असतो, आणि ‘इस्त्री नको’ प्रकारच्या कपड्यांत सुरकुत्या रोखणाऱ्या रेझिनमधले फॉर्माल्डिहाइड हे त्वचेला त्रासदायक रसायनही असू शकते. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ ही खूण असलेला कपडा घातक रसायनांसाठी तपासलेला असतो. त्या खुणेचा अर्थ तेवढाच घ्यावा, तो कपडा सेंद्रिय आहे असे त्यातून ठरत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मरण पावली. त्या इमारतीत वर उल्लेखलेल्या ‘जो फ्रेश’चे कपडे शिवले जात होते, पण त्याहून महाग असलेल्या बेनेटनचेही शिवले गेले होते. म्हणून किंमत जास्त दिली की शिवणाऱ्याला जास्त मिळाले, असे धरून चालता येत नाही, आणि स्वस्त कपड्यामागे पिळवणूक असणारच असेही म्हणता येत नाही. दुर्घटनेनंतर त्याच वर्षी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या आणि आगीच्या सुरक्षिततेबद्दल बंधनकारक करार झाला आणि पुढे त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. तुमच्या सुपरमार्केटच्या मूळ कंपनीने तो केला आहे का, आणि आपले कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची यादी ती जाहीर करते का, हे तिच्या संकेतस्थळावर पाहता येते. यादी नसेल तर ग्राहक म्हणून लेखी विचारावे. असे प्रश्न पुष्कळ ग्राहकांकडून आले, तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे कंपनीला अवघड जाते.

शेवटी पावतीबद्दल. किराण्याच्या बिलाबरोबर कपड्याचीही पावती आपण फेकून देतो, आणि बदलून घेण्याचा हक्क तिथेच संपतो. ही पावती बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते आणि काही महिन्यांत पुसट होते, म्हणून घरी आल्याबरोबर तिचे छायाचित्र काढून ठेवा. कपडे त्याच दिवशी घालून पाहा, तोपर्यंत पट्ट्या कापू नका, आणि अंतर्वस्त्रे बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत हे लक्षात ठेवून त्यांचे पाकीट फोडण्याआधी माप पुन्हा पाहून घ्या. एखाद्या धुण्यातच शिवण उसवली किंवा कपडा पिळला, तर तो वापरलेला आहे म्हणून संकोच न करता पावतीसह परत न्या, कारण हा मालातला दोष असतो.